लेबल खरवडलेल्या तबकड्या

माझा एक जुना विद्यार्थी आज डॉल्बीचा धंदा करतो. जयंतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की हळद असो, त्याची गाडी तालुकाभर फिरत असते. गेल्या वर्षी तो घरी आला तेव्हा मी त्याच्या पेनड्राईव्हमधली गाण्यांची यादी पाहिली. एकाही गाण्याचे नाव खरे नव्हते. 'लाल मिरची', 'बारा नंबर', 'मामाची गाडी' अशी काहीबाही नावे त्याने दिली होती. हे काय म्हणून विचारले तर हसून म्हणाला, "सर, माझ्याकडचे गाणे दुसऱ्याच्या डॉल्बीवर वाजले की माझी सुपारी गेली. म्हणून खरे नाव कुणाला कळू देत नाही."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. तो का नव्हता ते शेवटी सांगेन. पण त्याला मी एवढे मात्र म्हणालो की, पोरा, ही युक्ती तुझी नाही. ती तुझ्या बापाच्या जन्माआधी जमेकाच्या किंग्स्टन शहरात काळ्या माणसांनी शोधून काढली आहे. तिचा सगळा इतिहास तुला ठाऊक असायला हवा. त्याला त्या दिवशी जे तोंडी सांगितले ते इथे जरा सविस्तर मांडतो. गाणे सापडणे, ते लपवणे आणि ते वाटणे या तीन क्रियांमध्ये केवढे समाजकारण दडलेले असते, हे त्यातून दिसावे असा माझा प्रयत्न आहे.

प्रथम एक प्रश्न. गाणे दुर्मीळ होते म्हणजे नेमके काय होते? दुर्मीळपणा हा काही गाण्याचा अंगभूत गुण नव्हे. तो तयार केला जातो. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधून शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या. एखादे गॅरेज, एखादे दुकानामागचे खोलगट, तिथे गाणे मुद्रित करायचे आणि त्याच्या पाचशे-हजार छोट्या तबकड्या काढायच्या, असा हा व्यवहार होता. या तबकड्या मिनिटाला ४५ फेरे घेत आणि दोन्ही बाजूंना एकेक गाणे असे. गाणे रेडिओवर वाजले तर खपणार, नाही वाजले तर गोदामात पडणार. रेडिओवर काय वाजावे हे ठरवणारे हात वेगळे, दुकानांपर्यंत माल नेणारे हात वेगळे. त्या हातांनी जे उचलले नाही ते बाजारातून नाहीसे झाले. म्हणजे 'अज्ञात गाणे' हा शब्दच मुळात फसवा आहे. ज्यांनी ते गायले, वाजवले, त्यांना ते ज्ञात होतेच. अज्ञात ठेवणारी व्यवस्था दुसरीच होती.

आता किंग्स्टनला येऊ. १९५० च्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये नाचायला वाद्यवृंद बोलावण्याइतका पैसा नव्हता. मग मोठाले कर्णे, अॅम्प्लिफायर आणि तबकडी फिरवणारे यंत्र गाडीवर घालून मोकळ्या अंगणात नाच भरू लागले. त्याला तिथे 'साउंड सिस्टिम' म्हणतात. आपल्या डॉल्बीचा हा थोरला भाऊच म्हणा ना. ड्यूक रीड नावाचा माजी पोलीस आणि क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड हे यातले दोन बडे प्रतिस्पर्धी. कॉक्सन अमेरिकेत शेतमजुरीला गेला होता आणि येताना तबकड्या घेऊन आला होता. जी गाणी दुसऱ्याकडे नाहीत ती आपल्याकडे असणे, यावरच गर्दी कुणाच्या अंगणात जाणार ते ठरे. म्हणून तबकडी हाती आली की पहिले काम म्हणजे तिचे लेबल खरवडून टाकणे. गायकाचे नाव, गाण्याचे नाव, कंपनीचे नाव, सगळे पुसायचे आणि आपल्या मनाचे नवे नाव ठेवायचे. विलिस जॅक्सन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाच्या एका धूनेला कॉक्सनने चक्क आपलेच नाव दिले होते, 'कॉक्सन हॉप'. बराच काळ तिचे मूळ कुणाला सापडेना. शेवटी ड्यूक रीडने ती शोधून आपल्या अंगणात वाजवली आणि कॉक्सनला मोठाच धक्का बसला, अशी हकिकत तिथे आजही सांगतात.

या हकिकतीत गंमत आहे, पण गंमत संपल्यावर मनात एक प्रश्न उरतो. नाव कुणाचे पुसले गेले? विलिस जॅक्सनचे. तोही काळाच. किंग्स्टनच्या गरिबाने पोटासाठी अमेरिकेतल्या काळ्या कलावंताचे नाव खरवडले. प्रस्थापिताने शोषिताला पुसले, एवढे हे सोपे समीकरण नाही. एका वंचिताने दुसऱ्या वंचिताला पुसले, असे ते आहे. आणि हे समीकरण आपल्याला जास्त अस्वस्थ करणारे आहे.

किंग्स्टनचा हा वारसा पुढे न्यूयॉर्कला गेला. क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा १९६७ साली जमेकातून ब्राँक्स भागात राहायला आला. पुढे तो कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात नाच ठेवला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे तिकीट होते. पत्ता होता १५२०, सेजविक अॅव्हेन्यू. हिपहॉपचा आरंभ याच रात्रीपासून मोजतात. हर्कच्या लक्षात आले होते की नाचणारी पोरे गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात. गायन थांबते, सूर थांबतात, उरतो तो नुसता ढोल. या जागेला 'ब्रेक' म्हणतात. ती काही सेकंदांचीच असते. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ढोल तो हवा तितका वेळ चालवू लागला. आणि त्याच्या तबकड्यांना लेबले नसत. वडिलांच्या सल्ल्याने तो त्या न्हाणीच्या टबात भिजवून लेबले काढून टाकी. किंग्स्टनमध्ये खरवडत, ब्राँक्समध्ये भिजवू लागले, एवढाच काय तो फरक.

तिकडे इंग्लंडच्या उत्तर भागात निराळेच नाट्य घडत होते. कोळशाच्या खाणी, सूतगिरण्या, कारखाने यांचा हा मुलूख. तिथल्या गोऱ्या कामगारांच्या मुलांना १९६० च्या दशकाच्या मध्यातले काळ्या अमेरिकेचे वेगवान सोल संगीत भावले. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, नवी गाणी संथ आणि जड तालाची होऊ लागली. पण या पोरांना जुनाच वेग हवा होता. मग त्यांनी अमेरिकेत न खपलेल्या, गोदामात धूळ खात पडलेल्या तबकड्या शोधायला सुरुवात केली. डेव्ह गोडिन या लेखकाने १९७० मध्ये या आवडीला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिले. विगन गावातल्या कॅसिनो नावाच्या जुन्या नाचघरात २३ सप्टेंबर १९७३ पासून ६ डिसेंबर १९८१ पर्यंत रात्रभराचे नाच भरत. मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठला संपत. दारू मिळत नसे. पाय सटकावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकीत. आठवडाभर यंत्रापुढे राबलेली पोरे तिथे घाम निथळेपर्यंत नाचत. आणि त्यांच्या कपड्यांवर एक बिल्ला असे. त्यावर उगारलेली काळी मूठ असे. काळ्यांच्या सत्तेच्या चळवळीची ती खूण. ज्या चळवळीच्या प्रेरणेने १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, तीच मूठ गोऱ्या खाणकामगाराच्या पोराच्या छातीवर होती. इतिहासात अशा वाटा असतात.

इथेही लपवालपवी होतीच. नवे गाणे सापडले की त्याच्या लेबलावर कोरा कागद चिकटवायचा आणि भलत्याच गायकाचे भलतेच नाव सांगायचे. याला तिथे 'कव्हर अप' म्हणत. फ्रँक विल्सन या मोटाउन कंपनीतल्या माणसाने १९६५ मध्ये एक गाणे गायले होते. ते बाजारात येण्यापूर्वीच मागे घेतले गेले आणि जवळपास सगळ्या तबकड्या नष्ट केल्या गेल्या. वाचली त्यांतली एक इंग्लंडला पोचली आणि विगनमध्ये 'एडी फॉस्टर' या दुसऱ्याच नावाखाली वाजू लागली. २००९ मध्ये या गाण्याची एक मूळ तबकडी २५,७४२ पौंडांना विकली गेली. वस्तू जितकी दुर्मीळ तितकी किंमत मोठी, हा बाजाराचा नियम. पण जुन्या तबकडीच्या विक्रीतून गायकाला काही मिळत नाही. पैसा जातो तो आधीच्या मालकाला. गाणे कुणाचे आणि तबकडी कुणाची, हे दोन प्रश्न इतके वेगळे पडतात.

तरीही मला नॉर्दर्न सोलचा निषेध करवत नाही. ग्लोरिया जोन्स या काळ्या गायिकेचे 'टेंटेड लव्ह' हे गाणे १९६५ मध्ये आले आणि पडले. रिचर्ड सर्लिंग या डीजेने १९७३ मध्ये अमेरिकेत त्याची जुनी प्रत विकत घेतली आणि इंग्लंडच्या नाचघरांत ती वाजवली. तिथून ते गाणे पुन्हा जिवंत झाले. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडगोळीने ते नव्याने गायले आणि इंग्लंडात ते पहिल्या क्रमांकावर गेले. शोधणारा नसता तर ते गाणे गोदामातच मेले असते. अनेक विसरलेल्या गायकांना पुढे इंग्लंडहून बोलावणी आली आणि आपले गाणे सातासमुद्रापार तोंडपाठ आहे हे त्यांना प्रथमच कळले. तेव्हा शोधणाऱ्याचे श्रम खरे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. वाद आहे तो शोधल्यानंतर काय करायचे याविषयी.

या प्रश्नाचे एक निराळे उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळाले. डेव्हिड मॅन्कुसो हा अनाथाश्रमात वाढलेला माणूस. १९७० मध्ये त्याने आपल्या राहत्या जागेत आमंत्रितांसाठी नाच सुरू केले. या जागेला 'लॉफ्ट' म्हणत. काळे, लॅटिन, समलिंगी अशी शहराने बाजूला सारलेली माणसे तिथे एकत्र नाचत. मॅन्कुसोला ब्रुकलिनमधल्या एका वेस्ट इंडियन दुकानात कॅमेरूनच्या मनू दिबांगोची 'सोल मकोसा' ही तबकडी सापडली. १९७२ मध्ये कॅमेरूनला आफ्रिकी चषकाच्या फुटबॉल स्पर्धा झाल्या, त्यानिमित्त निघालेल्या गाण्याची ही मागची बाजू होती. मॅन्कुसोने ती लपवली नाही. इतर डीजेंनाही ती मिळाली, पुढे रेडिओवर वाजली, दुकानातल्या थोड्याफार प्रती हां हां म्हणता संपल्या. १९७३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीने तिचे हक्क घेऊन ती काढली आणि ती अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत गेली. गाण्यावर नाव मनू दिबांगोचेच राहिले. त्याचे नाव खरवडले गेले नव्हते म्हणून तो जगाला ठाऊक झाला.

मॅन्कुसो एवढ्यावर थांबला नाही. त्या काळी डीजेंना नवी तबकडी हवी असेल तर कंपन्यांच्या दारात ताटकळावे लागे. कुणाला मिळे, कुणाला हाकलून देत. १९७५ मध्ये मॅन्कुसो आणि त्याच्या साथीदारांनी 'रेकॉर्ड पूल' काढला. कंपनीने तबकड्या पूलकडे द्यायच्या, पूलने त्या सगळ्या सभासदांना सारख्या वाटायच्या आणि सभासदांनी नाचणाऱ्यांची पसंती-नापसंती कंपनीला कळवायची, अशी ही रचना होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ही डीजेंची सहकारी सोसायटी होती. हातात काय आहे यापेक्षा ते कसे वाजवतो, यावर माणसाची किंमत ठरू लागली. ज्याच्याजवळ दडवायला काही नाही त्याला कसबच दाखवावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने या ठिकाणी थांबून विचार करावा असे मला वाटते.

आता नाण्याची दुसरी बाजू. वाटले म्हणजे न्याय झाला, असे समजण्याचे कारण नाही. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने १९६९ मध्ये एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचा तुकडा होता. त्यात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा सेकंद एकट्याने ढोल वाजवला आहे. ब्राँक्सच्या पोरांनी हा ब्रेक शोधला. १९८६ पासून 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या नावाने अशा लपवलेल्या ब्रेकांचे संग्रह निघू लागले. २५ भाग निघाले. पहिल्याच भागात 'आमेन, ब्रदर' होते. ज्यांच्याजवळ मूळ तबकडी घ्यायला पैसे नव्हते त्यांच्याही हाती ते ढोल आले. हे वाटपच होते आणि त्याने मोठे काम केले. पुढे इंग्लंडमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे नृत्यसंगीताचे प्रकार प्रामुख्याने या सहा सेकंदांवर उभे राहिले. जगभरच्या हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. पण ग्रेगरी कोलमनला त्यातून काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये तो बेघर आणि दरिद्री अवस्थेत वारला. वृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये इंग्लंडच्या डीजेंनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

म्हणून माझे म्हणणे असे की लपवणे आणि वाटणे एवढ्या दोनच वाटा नाहीत. वाटण्यातही दोन प्रकार आहेत. एक नावासह वाटणे आणि दुसरे नावाशिवाय वाटणे. नावाशिवाय वाटलेले गाणे कुणाचेच राहत नाही, आणि जे कुणाचेच नसते ते शेवटी बलवानाचे होते.

नावासह वाटण्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. १९८२ मध्ये त्यांनी त्या वेळी नव्याने निघालेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एच.एम.व्ही.ने तबकडी काढली, ती खपली नाही आणि विस्मरणात गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या काळ्या तरुणांनी त्यांतल्याच एका यंत्रावर 'अॅसिड ट्रॅक्स' काढले आणि त्यातून 'अॅसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर गेला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण आवाज मात्र विलक्षण सारखा. २००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली. त्याने ती नाव पुसून नाचघरात मिरवली नाही. त्याने माणूस शोधला. मुंबईत जाऊन त्यांना भेटला आणि २०१० मध्ये तबकडी त्यांच्या नावानिशी पुन्हा काढली. सिंग उतारवयात युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ मध्ये ते वारले, पण आपले काम वाया गेले नाही हे पाहून वारले.

आता मी रागावलो का नाही ते सांगतो. १९८४ च्या जयंतीला आमच्या वस्तीत एका म्हाताऱ्या शाहिरांचा जलसा झाला होता. मी उसन्या टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित केला. सगळी गाणी त्यांची स्वतःची होती, कुठे छापलेली नव्हती. शेजारच्या गावचा एक गाणारा पोरगा ती कॅसेट उतरवून घ्यायला दोनदा माझ्याकडे आला. मी दिली नाही. या शाहिरांवर आपणच पहिला लेख लिहायचा, असे मी मनाशी धरले होते. लेख काही झाला नाही. ट्रंकेत ठेवलेली कॅसेट बारा-तेरा वर्षांनी काढली तेव्हा फितीला बुरशी आली होती, ती चिकटून तुटली. शाहीर तोवर वारले होते. डॉल्बीवाल्याने पोटासाठी नावे बदलली. मी मास्तर, पगारदार माणूस, केवळ मानासाठी गाणी कुलपात ठेवली. ज्यांच्या पूर्वजांच्या कानावर अक्षर पडू नये म्हणून व्यवस्था पहारा देत होती, त्यांतल्याच एकाने आपल्या माणसाचे गाणे आपल्याच माणसांच्या कानावर पडू दिले नाही. याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्यांतली दोन गाणी माझ्या आजीला येतात." पुढच्या रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईने एक गाणे पुरते आणि एक अर्धे म्हणून दाखवले. त्याने ते आपल्या मोबाईलवर घेतले. सुरुवातीला त्याने स्वतःच्या आवाजात शाहिरांचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, म्हणणारीचे नाव सांगितले आणि १९८४ हे साल सांगितले. त्याच संध्याकाळी त्याने ते तालुक्यातल्या सगळ्या डॉल्बीवाल्यांना पाठवले. त्याची सुपारी काही त्यामुळे गेली नाही.

जे कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक हे वाचत असतील त्यांच्या घरी एखादी जुनी कॅसेट, वही, तबकडी नक्की असेल. ती आजच बाहेर काढा. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. कुणी गायले, कुणी लिहिले, ढोलकी कुणाची, गाव कोणते, साल कोणते, हे गाण्याबरोबरच नोंदवा. त्यातून कुणी पैसा कमावला तर गाणाऱ्याच्या घराचा त्यात वाटा आहे हे त्याला ठणकावून सांगा. आणि मागायला कुणी आला तर त्याला दोनदा यायला लावू नका.